फळीवर की फळीवरचा? इंग्रजी प्रिपोझिशनल फ्रेज वाक्यात नेमकं काय करते

‘फळीवरचा डबा आण,’ असं आई म्हणाली तर कुठला डबा ते कळतं. ‘डबा फळीवर ठेव,’ म्हणाली तर कुठे ठेवायचा ते कळतं. शाळेचं तोंड न पाहिलेलं पोरही या दोन वाक्यांत गडबड करत नाही. ‘फळीवरचा’ हा शब्द डब्याच्या चाकरीत आहे आणि ‘फळीवर’ हा ‘ठेव’च्या. पहिला विशेषणाचं काम करतो, दुसरा क्रियाविशेषणाचं, आणि दोघांतला फरक एका ‘चा’पुरता.

आता हेच इंग्रजीत म्हणा. ‘ब्रिंग मी द टिन ऑन द शेल्फ.’ ‘पुट द टिन ऑन द शेल्फ.’ (दुसऱ्या वाक्यात आपल्यातले निम्मे लोक ‘कीप’ म्हणतील, कारण डोक्यात ‘ठेव’ असतं. असो.) दोन्हीकडे ‘ऑन द शेल्फ’ जसंच्या तसं, अक्षराचाही फरक नाही. इंग्रजीकडे आपला ‘चा’ नाही. हे तीन शब्द कुणाच्या चाकरीत आहेत ते त्यांच्या रूपावरून कळत नाही. ते कुठे बसलेत, शेजारी कोण आहे, क्रियापद काय मागतंय यावरून ओळखावं लागतं.

मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजी शिकवताना माझ्या हळूहळू लक्षात आलं की त्यांची बरीचशी अडचण इथेच असते. शाळेत आपण ‘इन म्हणजे आत, ऑन म्हणजे वर, अंडर म्हणजे खाली’ असा तक्ता पाठ करतो, चित्रातली मांजर टेबलावर आहे की टेबलाखाली ते सांगतो आणि पुढच्या धड्याला लागतो. शब्दांचे अर्थ कळतात. तो शब्दांचा जथा वाक्यात कुणासाठी राबतोय, हे विचारायचं राहून जातं.

आधी ही फ्रेज म्हणजे काय

एक प्रिपोझिशन आणि त्याच्यामागे एक नाम किंवा सर्वनाम, सोबत त्या नामाचा सगळा लवाजमा, एवढीच तिची रचना. ‘इन द गार्डन’, ‘विथ माय एल्डर सिस्टर’, ‘आफ्टर द फर्स्ट हेवी रेन’. शेवटच्या उदाहरणात नामाच्या अंगावर तीन शब्द चढलेत, पण फ्रेज एकच. ती वाक्यात एकगठ्ठा हलते आणि एकगठ्ठा काम करते.

प्रिपोझिशन या लॅटिन शब्दाचा अर्थच ‘आधी ठेवलेलं’ असा आहे. आपल्या शालेय व्याकरणात त्याला शब्दयोगी अव्यय म्हणतात. काम तेच, जागा मात्र नेमकी उलटी. आपलं अव्यय नामाच्या मागून येतं आणि त्याला चिकटतं: झाडाखाली, घरासमोर, पावसानंतर. हा उलटेपणा सुटा नाही. जोसेफ ग्रीनबर्ग या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने १९६३ साली ३० भाषा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा त्याला दिसलं की ज्या भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यांत ही अव्ययं बहुतेक वेळा नामाच्या मागे लागतात. मराठी, हिंदी, कानडी, तुर्की, जपानी या सगळ्या त्या पंगतीतल्या. फारसीत क्रियापद शेवटी असूनही प्रिपोझिशनं आहेत, आणि तिच्याकडून आलेलं ‘बे’ आपण ‘बेकायदा’ म्हणताना नामाच्या आधीच लावतो. ‘विनातिकीट’ मधला ‘विना’ही तसाच पुढे जाऊन बसलेला. म्हणजे मराठी माणसाला प्रिपोझिशन अगदीच परकं नाही.

आणखी एक साम्य आहे. आपलं अव्यय लागायच्या आधी नामाचं सामान्यरूप होतं: घोडा पण घोड्यावर, आंबा पण आंब्याखाली, मी पण माझ्यासाठी. इंग्रजी नामांमध्ये असं काही उरलेलं नाही, पण सर्वनामांमध्ये उरलंय. ‘आय’ चं ‘फॉर मी’ होतं, ‘ही’ चं ‘विथ हिम’, ‘दे’ चं ‘अबाउट देम’. म्हणून ‘बिटवीन यू अँड मी’ बरोबर. गंमत अशी की ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे असे भलेभले लोक इथे ‘बिटवीन यू अँड आय’ म्हणून जातात. मराठीत ‘तू आणि मी मध्ये’ असं कुणाच्याही तोंडून निघणार नाही, ‘तुझ्यामाझ्यात’च निघेल.

नामाच्या जागी क्रियापद आणायचं असेल तर ते ‘इंग’ लावून नाम बनवून आणावं लागतं: ‘आफ्टर ईटिंग’, ‘बाय वर्किंग’. आपणही ‘जेवल्यावर’, ‘राबण्याने’ असंच काहीतरी करतो. यात एक खड्डा आहे आणि अर्जांच्या शेवटी रोज कुणीतरी त्यात पडतं. ‘आय अ‍ॅम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू.’ यातला ‘टू’ हा ‘आय वॉन्ट टू मीट यू’ मधला ‘टू’ नव्हे. इथे तो प्रिपोझिशन आहे, म्हणून ‘टू मीटिंग यू’. ओळखायला सोपं आहे: ‘टू’च्या पुढे ‘इट’ (‘ते’ या अर्थाचं सर्वनाम, खाण्याचं ‘ईट’ नव्हे) घालून बघा. ‘लुकिंग फॉरवर्ड टू इट’ चालतं, ‘वॉन्ट टू इट’ चालत नाही.

नामाच्या चाकरीत

‘द बुक ऑन द टेबल इन द कॉर्नर ऑफ द रूम.’ हे मराठीत आणा: ‘खोलीच्या कोपऱ्यातल्या टेबलावरचं पुस्तक.’ दोन्ही ओळी एकाखाली एक लिहून बघा. आरशात बघितल्यासारख्या उलट आहेत. इंग्रजी पुस्तकापासून निघून खोलीपर्यंत जाते, आपण खोलीत शिरून शेवटी पुस्तकावर हात ठेवतो. आणि आपल्या ओळीत प्रत्येक सांध्यावर ‘च्या’, ‘तल्या’, ‘चं’ अशी खूण आहे. इंग्रजीत खूण नाही, फक्त क्रम आहे.

एखादी फ्रेज नामाच्या चाकरीत आहे का हे बघायचं असेल तर मनातल्या मनात तिचं मराठी करा. ‘चा-ची-चं’ किंवा ‘तला-तली-तलं’ लावावंसं वाटलं तर ती विशेषणाचं काम करते. ‘द गर्ल इन द रेड सारी’ म्हणजे लाल साडीतली मुलगी. ‘टी विदाउट शुगर’ म्हणजे बिनसाखरेचा चहा. ‘मेडिसिन फॉर कफ’ म्हणजे खोकल्यावरचं औषध. कधी ‘चा’ऐवजी ‘असलेला’, ‘आलेला’ लागतो, जसं ‘अ लेटर फ्रॉम माय ब्रदर’, भावाकडून आलेलं पत्र. जात तीच.

या उलट्या क्रमामुळे एक चूक इतकी होते की ती सरकारी सूचनाफलकांवरही दिसते. ‘द लिस्ट ऑफ सिलेक्टेड कँडिडेट्स आर गिव्हन बिलो.’ मराठीत ‘निवडलेल्या उमेदवारांची यादी खाली दिली आहे.’ इथे ‘यादी’ क्रियापदाच्या बाजूला असते, म्हणून आपल्याला विचारही न करता एकवचन सुचतं. इंग्रजीत ‘लिस्ट’ पुढे राहिली, मध्ये ‘ऑफ सिलेक्टेड कँडिडेट्स’ ही फ्रेज घुसली, आणि क्रियापदाच्या शेजारी आले अनेकवचनी उमेदवार. कान फसतो. पण उमेदवार हे प्रिपोझिशनच्या ताब्यात आहेत, ते वाक्याचे कर्ते होऊ शकत नाहीत. कर्ता ‘लिस्ट’, म्हणून ‘इज’. ‘अ बॉक्स ऑफ मँगोज इज’, ‘वन ऑफ माय फ्रेंड्स इज’. आपण ‘आंब्यांची पेटी आली’ म्हणतो, ‘आंब्यांची पेटी आले’ म्हणत नाही, तोच न्याय.

अपवाद आहेत, आणि ते नेहमीच्या वापरातले आहेत. ‘अ लॉट ऑफ मँगोज आर’, ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर’. इथे ‘अ लॉट ऑफ’ हे झिजून झिजून ‘पुष्कळ’ या अर्थाचं एक लेबल झालंय, त्यात कुणी ‘लॉट’ मोजत नाही. पण ‘अ’च्या जागी ‘द’ आला, म्हणजे ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स’ झालं, की ती खरोखरची संख्या होते आणि ‘इज’ परत येतो.

क्रियापदाच्या चाकरीत

‘द शॉप निअर द स्टेशन क्लोजेस अ‍ॅट नाइन ऑन संडेज.’ स्टेशनजवळचं दुकान रविवारी नऊला बंद होतं. तीन फ्रेजेस आहेत. ‘जवळचं’ मध्ये ‘चं’ आहे, म्हणून पहिली दुकानाची. ‘रविवारी’ आणि ‘नऊला’ यांत नाही, त्या दोन्ही बंद होण्याच्या क्रियेच्या. कधी, कुठे, कसं, कशासाठी, कुणाबरोबर या प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या फ्रेजेस इथे येतात.

यांची ओळख त्यांच्या मोकळेपणात आहे. ‘ऑन संडेज’ उचलून वाक्याच्या सुरुवातीला ठेवा, काही बिघडत नाही: ‘ऑन संडेज, द शॉप निअर द स्टेशन क्लोजेस अ‍ॅट नाइन.’ ‘निअर द स्टेशन’ मात्र त्याच्या दुकानापासून सोडवता येत नाही. ती पुढे आणली तर दुकान कुठलं हे सांगायचं सोडून ती भलतंच काही सांगायला लागते.

पुढे आणलेल्या फ्रेजचा एक चकवा आहे. ‘ऑन द हिल स्टँड्स अ टेम्पल.’ टेकडीवर देऊळ आहे. इंग्रजी वाक्याची सुरुवात म्हणजे कर्ता अशी आपली पक्की समजूत करून दिलेली असते, म्हणून मुलं ‘हिल’कडे बोट दाखवतात. कर्ता आहे ‘टेम्पल’. देवळं तीन असतील तर ‘ऑन द हिल स्टँड थ्री टेम्पल्स’ होईल, टेकडी एकच असली तरी.

वेळेच्या बाबतीत आपली आणखी वेगळी पंचाईत. सकाळी, रात्री, सोमवारी: तिन्हींना सप्तमीचा एकच ‘ई’. इंग्रजीत ‘इन द मॉर्निंग’, ‘अ‍ॅट नाइट’, ‘ऑन मंडे’. एका प्रत्ययाला तीन शब्द वाटून द्यायचे. यामागे थोडाफार तर्क सांगता येतो, वार आणि तारखांना ‘ऑन’, घड्याळाच्या वेळेला ‘अ‍ॅट’, महिना-वर्षाला ‘इन’, पण ‘इन द मॉर्निंग’ असताना ‘अ‍ॅट नाइट’ का, हे तर्काने कळणार नाही. हे पाठच करायचं. प्रत्येक गोष्टीला नियम सांगणाऱ्या शिक्षकांवर माझा फारसा विश्वास नाही.

ज्या काढताच येत नाहीत

‘ऑन संडेज’ वाक्यातून काढून टाकलं तरी वाक्य उभं राहतं. पण ‘पुट द टिन ऑन द शेल्फ’ मधून ‘ऑन द शेल्फ’ काढा. ‘पुट द टिन’ असं अर्धवट काहीतरी उरतं. ‘पुट’ या क्रियापदाला कर्म हवं आणि जागाही हवी, दोन्ही मिळाल्याशिवाय त्याचं पोट भरत नाही. अशी फ्रेज म्हणजे आलेला पाहुणा नव्हे, घरातलाच माणूस. ‘शी इज इन द किचन’, ‘द लिफ्ट इज आउट ऑफ ऑर्डर’ यांतल्या फ्रेजेसही तशाच. त्या काढल्या तर वाक्यात सांगण्यासारखं काही राहत नाही.

काही क्रियापदं, विशेषणं आणि नामं तर नुसती फ्रेज मागत नाहीत, ठरावीक प्रिपोझिशनच मागतात. ‘डिपेंड ऑन’, ‘लुक अ‍ॅट’, ‘अफ्रेड ऑफ’, ‘फाँड ऑफ’, ‘इंटरेस्ट इन’. इथे ‘ऑन’चा अर्थ वर आणि ‘इन’चा अर्थ आत असं शोधत बसण्यात अर्थ नाही. आपल्याकडे तरी कुठे आहे? आपण कुणावर प्रेम करतो, कुणाशी लग्न करतो, कुत्र्याला भितो आणि पोरगा आईवर गेलाय म्हणतो. ‘वर’ तिथे कुठल्याही उंचीवर नसतो. क्रियापद आपापला प्रत्यय घेऊन येतं, आणि आपण तो बालपणीच गिळलेला असतो.

म्हणून आपल्या चुका अगदी शिस्तीत होतात. ‘ही इज अँग्री ऑन मी’, कारण तो माझ्यावर रागावलाय. हवं ‘विथ मी’. ‘शी इज मॅरिड विथ अ डॉक्टर’, कारण लग्न डॉक्टरशी झालंय. हवं ‘टू अ डॉक्टर’. ‘दे लाफ्ड ऑन मी’, कारण ते माझ्यावर हसले. हवं ‘अ‍ॅट मी’. यांना मी अडाणीपणाच्या चुका म्हणत नाही. ही मराठीची विभक्ती इंग्रजी कपडे घालून आलेली असते.

‘डिस्कस अबाउट’ हे प्रकरण वेगळं आहे आणि जरा खोलात जाण्याजोगं आहे. ‘वी डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम’ चूक, पण ‘वी हॅड अ डिस्कशन अबाउट द प्रॉब्लेम’ बरोबर. ‘रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ हा अर्जाचा विषय म्हणून बरोबर, पण ‘आय रिक्वेस्टेड फॉर लीव्ह’ नाही. ‘लॅक ऑफ वॉटर’ बरोबर, ‘द व्हिलेज लॅक्स ऑफ वॉटर’ नाही. ‘एम्फसिस ऑन’ बरोबर, ‘एम्फसाइज ऑन’ नाही. यामागे खरंच एक नियम आहे: इंग्रजीत क्रियापदाला कर्म सरळ जोडता येतं, नामाला येत नाही. नामाला काही जोडायचं तर मध्ये प्रिपोझिशनचा पूल लागतो. ‘डिस्ट्रॉय द सिटी’, पण ‘द डिस्ट्रक्शन ऑफ द सिटी’. आपल्याकडे हेच आहे: ‘शहर उद्ध्वस्त केलं’, पण ‘शहराचा विध्वंस’. पुन्हा तोच ‘चा’. ज्या मुलांच्या हे एकदा ध्यानात आलं त्यांची ‘डिस्कस अबाउट’ची सवय आपोआप गेली, पाठांतराने गेली नव्हती.

इथे एक तोतयाही भेटतो. ‘ही रॅन अप द हिल’ आणि ‘ही रॅन अप अ बिल’ दिसायला जुळी भावंडं. पहिल्यात ‘अप द हिल’ ही खरी फ्रेज, तो टेकडीवर धावत गेला. दुसऱ्यात ‘रॅन अप’ हे दोन शब्दांचं एक क्रियापद आहे, म्हणजे उधारी वाढवली, आणि ‘बिल’ हे त्याचं साधं कर्म. सर्वनाम घालून बघितलं की सोंग उतरतं. ‘अप इट’ म्हणता आलं तर फ्रेज. ‘रॅन इट अप’ असं मध्ये घुसवावं लागलं तर तोतया. म्हणूनच ‘लुक अ‍ॅट इट’, पण शब्दकोशात शब्द बघायचा असेल तर ‘लुक इट अप’.

पोटातली फ्रेज, आणि बिनशेपटीची

‘द कॅट केम आउट फ्रॉम अंडर द टेबल.’ ‘फ्रॉम’च्या मागे नाम हवं होतं, आली अख्खी फ्रेज. विचित्र वाटतं, पण ‘टेबलाखालून’ हा शब्द फोडून बघा: टेबला, खाली, ऊन. दाराआडून, झाडावरून, गर्दीतून. आपण अव्ययावर अव्यय रचतो, इंग्रजी प्रिपोझिशनपुढे प्रिपोझिशन. क्वचित ही फ्रेज कर्त्याच्या पाटावरही जाऊन बसते: कधी भेटायचं असं विचारलं तर ‘आफ्टर लंच विल बी फाइन’.

‘बिफोर’चा किस्सा जास्त मजेदार आहे. ‘बिफोर लंच’, ‘बिफोर ही केम’, ‘आय हॅव सीन इट बिफोर’. शाळेत पहिल्याला प्रिपोझिशन, दुसऱ्याला कंजंक्शन आणि तिसऱ्याला अ‍ॅडव्हर्ब म्हणून तीन खणांत टाकतात. ऑटो येस्पर्सन या डॅनिश व्याकरणकाराने १९२४ सालीच म्हटलं होतं की शब्द एकच, अर्थ एकच, मग तीन नावं कशाला? क्रियापदाला कधी कर्म असतं, कधी नसतं, म्हणून आपण त्याची जात बदलत नाही. तसंच याचंही. रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांच्या २००२ सालच्या मोठ्या इंग्रजी व्याकरणात हाच विचार पुढे नेलाय. मराठी वाचकाला यात नवं काही वाटू नये. जेवणाआधी, तो येण्याआधी, आधी पाहिलंय: ‘आधी’ तोच. ‘झाडावर चढ’ मधला ‘वर’ शब्दयोगी आणि ‘वर बघ’ मधला क्रियाविशेषण, असा परीक्षेतला फसवा प्रश्न आपण सगळ्यांनीच सोडवलाय.

मग ती बिनशेपटीची. ‘व्हॉट आर यू लुकिंग अ‍ॅट?’ मध्ये ‘अ‍ॅट’ एकटा मागे राहिलाय, त्याचं नाम ‘व्हॉट’ होऊन पुढे पळालंय. असं करू नये असा दंडक कित्येक शाळांत ऐकवतात. कवी जॉन ड्रायडनने १६७२ साली आपल्या आधीच्या पिढीतल्या बेन जॉन्सनच्या लेखनातला हा दोष म्हणून दाखवला होता. रॉबर्ट लाउथ या पाद्र्याने, जो पुढे लंडनचा बिशप झाला, १७६२ सालच्या आपल्या व्याकरणात प्रिपोझिशन आधी घेणं जास्त डौलदार असं मत दिलं, पण ही आपल्या भाषेची ओढच आहे हेही कबूल केलं. आणि ते कबूल करणारं त्याचं वाक्य ‘टू’वर संपतं. बोलण्यात, साध्या लिखाणात हे अगदी शुद्ध इंग्रजी आहे.

आपली खरी चूक याच्या उलट असते. मराठीत ‘मी राहतो ते घर’, ‘मी बसलो होतो ती खुर्ची’. घराचा ‘त’ आणि खुर्चीचा ‘वर’ आपण गिळून टाकतो आणि कुणाचंही अडत नाही. इंग्रजीत ते गिळता येत नाहीत. ‘धिस इज द हाउस आय लिव्ह’ हे वाक्य लंगडं. ‘आय लिव्ह इन’ म्हणायलाच हवं. शेवटी आलेला तो एकटा ‘इन’ चूक वाटतो म्हणून मुलं खोडतात, आणि बरोबर वाक्य चुकीचं करून देतात.

खूण नसल्याची किंमत

‘आय सॉ द मॅन विथ द टेलिस्कोप.’ दुर्बिणीतून माणूस पाहिला, की दुर्बीण घेतलेला माणूस पाहिला? इंग्रजी वाक्य दोन्ही म्हणतं. मराठीला मात्र तोंड उघडायच्या आधीच ठरवावं लागतं, ‘दुर्बिणीतून’ की ‘दुर्बीणवाला’.

फ्रेजेस वाढल्या की हे फार झपाट्याने वाढतं. केनेथ चर्च आणि रमेश पाटील यांनी १९८२ साली संगणकाला इंग्रजी समजावण्याच्या खटपटीत याचा हिशेब मांडला. क्रियापद आणि कर्म यांच्यामागे एक फ्रेज असेल तर वाक्य लावायच्या रीती २. दोन फ्रेजेसना ५, तीनला १४, चारला ४२. गणितात कॅटलान नावाची जी संख्यांची माळ आहे तीच ही. माणूस यातल्या बहुतेक रीती मनातही आणत नाही, कारण त्याला जग माहीत असतं. ‘विथ अ स्पून’ खाल्लं म्हटलं की चमच्याने, ‘विथ चटणी’ म्हटलं की चटणीबरोबर, हे त्याला व्याकरण सांगत नाही. संगणकाला ते कुणीतरी सांगावं लागतं.

आपण मराठीवाले यातून अगदी सुटलोय असंही नाही. ‘पुण्याच्या मावशीच्या मुलाचं लग्न’ घ्या. मावशी पुण्याची की मुलगा पुण्याचा? सामान्यरूपात ‘ची’ आणि ‘चा’ दोघांचंही ‘च्या’ होतं आणि आपली खूण तिथे पुसली जाते. लग्न मात्र पुण्याचं नाही हे नक्की, नाहीतर ‘पुण्याचं’ झालं असतं.

माणसाचं डोकं ही निवड किती भरभर करतं ते मायकेल टॅननहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोचेस्टर विद्यापीठात डोळ्यांवरून टिपलं. १९९५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात ते छापून आलं. समोर टॉवेलवर ठेवलेलं एक सफरचंद, शेजारी एक रिकामा टॉवेल आणि एक खोकं. डोळे कुठे जातात ते टिपणारं यंत्र डोक्याला लावून सूचना द्यायची: ‘पुट द अ‍ॅपल ऑन द टॉवेल इन द बॉक्स.’ ‘ऑन द टॉवेल’ कानावर पडताच अनेकांचे डोळे रिकाम्या टॉवेलकडे धावले. ‘पुट’ जागा मागत होतं, आणि ती मिळाली असं त्यांना वाटलं. मग ‘इन द बॉक्स’ आलं आणि डोळे मागे वळले. पण समोर दोन सफरचंदं असली, एक टॉवेलवर आणि एक नॅपकिनवर, तर असं घडत नव्हतं. दोन असल्यावर ‘कुठलं?’ हा प्रश्न आपसूक उठतो, आणि तेच शब्द त्याचं उत्तर म्हणून ऐकू येतात. व्याकरण तेवढंच, फक्त टेबलावर एक सफरचंद जास्त.

तुलनेसाठी त्यांना असंही एक वाक्य हवं होतं ज्यात फसायला जागाच नाही. ते त्यांनी एक शब्द वाढवून केलं: ‘पुट द अ‍ॅपल दॅट्स ऑन द टॉवेल इन द बॉक्स.’ ते ऐकून कुणाचे डोळे रिकाम्या टॉवेलकडे भरकटत नव्हते. टॉवेलवरचं सफरचंद खोक्यात ठेव. तो ‘दॅट्स’ म्हणजे आपला ‘चं’.